विश्लेषण : बिअरच्या ग्लासात मिरची, लिंबू, मीठ… तिखट मेक्सिकन ‘मिचेलाडा’तला कुठला पैसा कुणाच्या खिशात जातो?

मसाला थम्सअप ज्याने प्यायलंय त्याला हे पेय समजवायला फार वेळ लागत नाही. ग्लासच्या काठाला तिखट-मीठ, तळाशी लिंबाचा रस, दोन-चार थेंब कसल्यातरी काळ्या सॉसचे आणि वरून थंडगार बिअर. मेक्सिकोत याला मिचेलाडा म्हणतात. इन्स्टाग्रामच्या रील्समधून हा लाल काठाचा ग्लास आता सगळ्यांच्या ओळखीचा झालाय आणि ‘घरी कसं करायचं’ हा प्रश्नही त्याच्यामागोमाग आलाय.

कृती सोपी आहे, ती पुढे येईलच. पण या एका ग्लासात तीन वेगवेगळे बाजार एकत्र येतात. मिरची-लिंबू-टोमॅटोचा शेतमाल बाजार, म्हणजे पुणेकरांसाठी मार्केट यार्ड. दुसरा राज्याच्या उत्पादन शुल्क खात्याच्या मुठीतला मद्याचा बाजार. आणि तिसरा परमिट रूमचा, जिथे या दोन्हींची बेरीज होऊन बिल फाटतं. गेल्या दोन-तीन वर्षांत या तिन्ही बाजारांत मोठी उलथापालथ झाली आहे. त्यामुळे ग्लासात काय आहे हे बघताना बिलात काय आहे हेही बघायला हवं.

मिचेलाडा म्हणजे नेमकं काय?

मेक्सिकोत बिअरला बोलीभाषेत ‘चेला’ म्हणतात. चेला अधिक लिंबू अधिक मीठ म्हणजे ‘चेलाडा’. त्यात मिरचीचा सॉस, वूस्टरशायर सॉस, सोया सॉस किंवा मॅगीचा मसालेदार अर्क पडला की मिचेलाडा. हो, तीच मॅगी. आपल्याकडे मॅगी म्हणजे दोन मिनिटांच्या नूडल्स, मेक्सिकोत मात्र त्या कंपनीची काळ्या अर्काची बाटली घराघरात असते. काही ठिकाणी यात टोमॅटोचा रस घालतात, तर काही ठिकाणी ‘क्लामाटो’ नावाचा टोमॅटो आणि शिंपल्यांचा अर्क असलेला तयार रस. शाकाहारी मंडळींनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. मूळ पद्धतीच्या वूस्टरशायर सॉसमध्येही मासे असतात, त्यामुळे बाटलीवरचा हिरवा ठिपका पाहूनच ती घ्यावी.

नावाबद्दल मेक्सिकोतच एकमत नाही. ‘मी चेला हेलाडा’, म्हणजे ‘माझी थंडगार बिअर’, याचं हे लघुरूप असल्याचं अनेक जण सांगतात. दुसरी गोष्ट सान लुईस पोतोसी शहरातल्या एका क्रीडा क्लबची. तिथले मिशेल एस्पेर नावाचे सदस्य बिअरमध्ये लिंबू-मीठ-बर्फ मागवायचे आणि त्यांच्यावरून हे नाव पडलं, असं म्हणतात. दोन्ही गोष्टी सांगीवांगीच्या आहेत. शहर बदललं की कृतीही बदलते. एका गावात मिचेलाडा मागितली की फक्त लिंबू-मीठ मिळतं आणि सॉसवाली हवी असेल तर ‘कुबाना’ म्हणावं लागतं.

खरंतर मराठी माणूस ही चव कधीपासून ओळखतो. फक्त आपण ती ग्लासात न घालता ताटलीत ठेवली. बिअरसोबत येणारा मसाला पापड, कांदा-टोमॅटो-लिंबू मारलेले शेंगदाणे, तिखट-मीठ भुरभुरलेली उकडलेली अंडी… चकण्याची ताटली ग्लासात ओतली की जवळपास मिचेलाडाच होते.

मेक्सिकोची मिरची, भारताचं लिंबू

मिरची मूळची मेक्सिकोची. वास्को-द-गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, त्यानंतर पोर्तुगीजांनी ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणली. टोमॅटोही तिकडचाच. लिंबाचा प्रवास मात्र उलटा झाला. आशियातलं लिंबू स्पॅनिश लोकांसोबत अमेरिकेत गेलं आणि आज ‘मेक्सिकन लाइम’ नावाने जे छोटं, पातळ सालीचं, रसाळ लिंबू ओळखलं जातं ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपलं कागदी लिंबूच आहे. चिंचेचंही तसंच. मेक्सिकोत मिचेलाडाच्या ग्लासात चिंचेच्या तिखट गोळीची काडी खोचून देतात आणि तिकडे चिंच हे आपलंच फळ असल्यासारखी ती रुळली आहे.

म्हणजे ‘मेक्सिकन साहित्य कुठे मिळेल?’ असं विचारत आयात मालाच्या दुकानात जाण्याची गरज नाही. गुलटेकडीला मार्केट यार्डात फळभाजी विभागात कागदी लिंबू आणि टोमॅटो, गूळ-भुसार विभागात मिरची आणि चिंच. ज्या ‘ताहीन’ नावाच्या मेक्सिकन मसाल्याची छोटी बाटली ऑनलाइन महागात विकली जाते, त्यात आहे काय? सुकी मिरची, वाळवलेल्या लिंबाचा अर्क आणि मीठ. ब्याडगी मिरचीचं तिखट, मीठ आणि चिमूटभर लिंबूसत्त्व किंवा आमचूर एकत्र केलं की काम होतं.

मिरची निवडताना मात्र थोडा विचार हवा. पुण्यातल्या घरोघरी उन्हाळ्यात कांडपासाठी मिरची घेताना जो हिशोब चालतो तोच इथे लागू पडतो. ब्याडगी रंगाला, गुंटूर आणि लवंगी तिखटाला, संकेश्वरी दोन्हींच्या मध्ये. ग्लासच्या काठाला नुसती लवंगी लावली तर पहिल्या घोटानंतर ओठ सुजल्यासारखे होतील आणि बिअरची चव कळणारच नाही. ब्याडगी तीन भाग आणि तिखट मिरची एक भाग, हे प्रमाण बरं. अख्खी मिरची घेऊन कांडून आणलेली असेल तर भेसळीच्या रंगाचीही भीती राहत नाही.

घरी करायची कशी?

उंच ग्लासच्या काठावर लिंबाची फोड फिरवायची आणि तो काठ तिखट-मिठाच्या ताटलीत टेकवायचा. ग्लासात बर्फ, दीड-दोन लिंबांचा रस, पाव चमचा मीठ, वूस्टरशायर आणि सोया सॉसचे तीन-चार थेंब, हवा असेल तर मिरचीचा सॉस. टोमॅटो आवडत असेल तर गाळलेला रस अर्धी वाटी. लिंबू पिळताना साल दाबून पिळू नये, कडवटपणा उतरतो आणि बिअरच्या कडूपणात तो आणखी वाढतो. हे सगळं ढवळून घेतल्यावर ग्लास तिरका धरून ३३० मिलीची सौम्य लागर हळू ओतायची.

हळूच, कारण मिठाचा कण हा बुडबुड्यांसाठी आयता अड्डा असतो. बिअरमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्या कणांभोवती जमतो आणि फसफसून वर येतो. सोड्यात मसाला टाकल्यावर गाडीवाला ग्लास पटकन पुढे का ढकलतो, त्याचंही कारण हेच.

कोकणातल्या माणसाला इथे एक सोपी सोय आहे, ती म्हणजे कोकम आगळ. आगळात आंबटपणा आणि मीठ दोन्ही आधीच असतं. लिंबू निम्मं करून दोन चमचे आगळ घातलं तर रंगही येतो आणि टोमॅटोची गरज उरत नाही. फक्त वेगळं मीठ घालू नये. एप्रिल-मेमध्ये लिंबू महागतं तेव्हा उकडलेल्या कैरीचा गरही चालतो.

आणि लिंबू महागतंच. एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ बाजारात एका लिंबाला दहा रुपये मोजावे लागत होते. जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभरीच्या पार गेला आणि काही ठिकाणी दोनशेपर्यंत पोहोचला. त्या काळात जुन्नर-नारायणगाव पट्ट्यातल्या काही टोमॅटो उत्पादकांच्या लाखा-कोटींच्या कमाईच्या बातम्या आल्या. त्याच टोमॅटोचे भाव काही महिन्यांत इतके पडतात की तोडणीची मजुरीही निघत नाही, ही बातमी मात्र दरवर्षीचीच.

मिरचीवाल्याला काय मिळतं?

इथे थोडं थांबून हिशोब करू. ११ मार्च २०२४ रोजी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी बाजार समितीत मिरचीचे भाव अचानक कोसळले आणि संतापलेल्या शेतकऱ्यांनी समितीच्या कार्यालयावर हल्ला करून गाड्या पेटवल्या. जिच्या नावाने आपण तिखट विकत घेतो, त्या गावातली ही घटना. पुढच्या हंगामात आंध्रातही भाव पडले. तेव्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारला बाजार हस्तक्षेप योजना जाहीर करावी लागली. या योजनेत आंध्रच्या लाल मिरचीसाठी क्विंटलला ११,७८१ रुपये हा आधार ठरवला गेला. म्हणजे किलोला सुमारे ११८ रुपये आणि ग्रॅमला १२ पैशांहून थोडे कमी.

मिचेलाडाच्या एका ग्लासला काठासकट दोन ग्रॅम तिखट लागतं. शेतकऱ्याचा वाटा साधारण २४ पैसे. देठाची आणि कांडपाची घट धरली तरी ३० पैशांच्या आसपास. आता हा ग्लास एखाद्या परमिट रूममध्ये ४०० रुपयांना विकला जातो असं धरा (हा आकडा फक्त हिशोबापुरता). त्यावर १० टक्के व्हॅट म्हणजे ४० रुपये. ज्या मिरचीमुळे हा ग्लास ‘स्पायसी’ होतो आणि चारशेला विकता येतो, तिच्या उत्पादकापेक्षा सरकारला एकट्या व्हॅटमधूनच शंभर पटींहून जास्त मिळतं. बिअरच्या बाटलीवर कारखान्यातून निघतानाच भरलेलं उत्पादन शुल्क यात धरलेलंच नाही.

मधल्या माणसांचाही विचार करावा लागेल. मार्केट यार्डात मिरचीचं पोतं उतरवणारा हमाल दिवसभर ठसक्यात काम करतो. हमाल पंचायतीच्या आणि बाबा आढावांच्या लढ्यांमुळे, तसंच १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे त्याच्या मजुरीला, भविष्य निर्वाह निधीला काही एक चौकट मिळाली. पण ‘शेतमाल महाग झाला’ अशी चर्चा सुरू झाली की पहिलं बोट हमाली-तोलाईकडेच जातं. त्या चारशे रुपयांत हमालीचा वाटा शोधायचा म्हटलं तर पैशाचेही तुकडे करावे लागतील.

एक गंमत कराचीही आहे. माणसाच्या पिण्याचं मद्य संविधानानेच जीएसटीच्या बाहेर ठेवलंय. त्याच टेबलावर मसाला पापड मागवला तर त्यावर जीएसटी लागतो. पण तेच लिंबू, तोच टोमॅटो बिअरच्या ग्लासात गेला की तो मद्याचा भाग होतो आणि राज्याच्या व्हॅटखाली येतो. म्हणून बिलाचे दोन भाग दिसतात. हा गोंधळ नाही, कायद्यातच ती वाटणी आहे.

राज्याने कर वाढवला, मग बिअर कशी वाचली?

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. देशी दारूचा दर प्रूफ लिटरला १८० वरून २०५ रुपये झाला. धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा नवा प्रकार आणला. यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटींचा वाढीव महसूल अपेक्षित असल्याचं सांगितलं गेलं. या वाढीतून बिअर आणि वाईन वगळण्यात आली.

त्याआधी, नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला होता. १५ टक्के परवाना शुल्कवाढ आणि हे नवं उत्पादन शुल्क त्यात मिळून बारमालकांच्या ‘आहार’ संघटनेने १४ जुलै २०२५ रोजी राज्यभर बार बंद ठेवले.

बिअरला सूट मिळण्यामागे जुनी कहाणी आहे. शुल्कवाढीनंतर बिअरचा खप घटला म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने अभ्यासगट नेमला होता. युक्तिवाद असा होता की बिअरमध्ये मद्यार्क कमी, पण मद्यार्काच्या प्रमाणात कर जास्त. मग लोक कडक दारूकडे वळतात. ऐकायला हे पटतं. परदेशात सौम्य मद्यावर कमी कर हे धोरण अनेक ठिकाणी आहेच.

पण आपल्याकडे एक मेख आहे. भारतात विकली जाणारी बहुतांश बिअर सौम्य नसून ‘स्ट्राँग’ असते, म्हणजे ५ ते ८ टक्के मद्यार्काची. ८ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत ५२ मिली शुद्ध मद्यार्क असतो. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलीच्या एका पेगमध्ये साधारण २६ मिली. म्हणजे एक मोठी स्ट्राँग बिअर बरोबर दोन लार्ज पेग. ‘फक्त एकच बिअर घेतली’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! त्यामुळे सूट द्यायचीच असेल तर ती ‘बिअर’ या नावाला नाही, त्यातल्या मद्यार्काला बघून द्यायला हवी. सौम्य लागर आणि ८ टक्क्यांची स्ट्राँग यांना एकाच पंगतीत बसवून आरोग्याचं कारण पुढे करता येत नाही.

तिखटामुळे जास्त प्यायलं जातं का?

मिचेलाडाच्या बाबतीत हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मूळ मेक्सिकन कृती साडेचार टक्क्यांच्या आसपासच्या हलक्या लागरवर बेतलेली आहे. ३३० मिलीच्या बाटलीत जेमतेम १५ मिली मद्यार्क, त्यात बर्फ आणि रस. तीच कृती ६५० मिलीच्या स्ट्राँग बिअरवर केली की मद्यार्क साडेतीन पट होतो. आणि लिंबू-मीठ-तिखट नेमकं तेच करतं ज्यासाठी ते घातलेलं असतं, स्ट्राँग बिअरचा कडवट, गोडसर मद्यार्की वास झाकतं.

तिखट जिभेला ‘लागतं’ ते टीआरपीव्ही-१ नावाच्या संवेदकामुळे. उष्णता आणि मिरचीतलं कॅप्सेसिन दोन्ही हाच संवेदक जागा करतात. याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. प्रयोगांत असंही दिसलंय की मद्यार्कामुळे हा संवेदक कमी उष्णतेलाही चेततो, म्हणून जिभेला शरीराइतकंच तापमानही भाजल्यासारखं वाटतं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही आणि बिअर ही ९० टक्क्यांहून जास्त पाणीच. म्हणजे तिखट शमवायला घेतलेला घोट ते शमवत नाही, क्षणभर गार वाटतं आणि जळजळ परत येते. मग पुढचा घोट. शमवायचं असेल तर ताक, दही. आपल्या आजीला हे नोबेलच्या आधीपासून माहीत होतं.

मेक्सिकोत मिचेलाडाला हँगओव्हरचा उतारा मानतात. मीठ आणि पाणी पोटात गेल्याने थोडं बरं वाटत असेलही, पण आदल्या रात्रीच्या मद्यार्कावर आणखी मद्यार्क ओतणं हा उतारा नाही, नुसती पुढची तारीख आहे. रक्तदाब असलेल्यांनी तर काठावरचं मीठ आणि सॉसमधलं मीठ दोन्ही मोजावं.

कायदा काय सांगतो?

१९ मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातानंतर पुण्यात पबची तपासणी, वय पाहणं, वेळेची मर्यादा यावर बरंच रान उठलं. त्यात अल्पवयीन मुलाला मद्य दिलं गेल्याचं समोर आलं आणि ‘वय नक्की किती?’ हा प्रश्न अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा गुगल केला. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि त्यानुसार पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांत, वर्षाचा शंभरात आणि आजीवन हजार रुपयांत. घरी गच्चीवर मित्रांसाठी मिचेलाडा करणाऱ्यालाही हे लागू आहे, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. बिअर शॉपीतून बाटली विकत घेता येते, पण तिथेच उभं राहून पिता येत नाही.

गाडी चालवण्यासाठी रक्तातल्या मद्यार्काची मर्यादा १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम. पहिल्या गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. लिंबाने वास झाकला तरी श्वासाच्या यंत्रातला आकडा झाकला जात नाही.

आणि वयाचं उत्तर : बिअरसाठी २१, कडक दारूसाठी २५. काही बारमध्ये मिचेलाडात टकीलाचा एक पेग ओतून देतात. ज्या २२ वर्षांच्या मुलाने बिअर मागवली होती, त्याच्यासाठी तो ग्लास पेग पडताक्षणी बेकायदेशीर होतो.